पाच म्हणजे चूक नाही

इंग्रजी भाषेवर इतकी हुकमत असलेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. नाशिक शहरात तेव्हा इंग्रजीचे जाणकार पुष्कळ होते. कॉलेज रोडला तर दर तिसऱ्या जिन्यावर एक सापडे. त्यांतले काही टाय लावत, काही परदेशी जाऊन आलेले होते आणि एकजण चहासुद्धा इंग्रजीत मागत असे. पण सरांच्या पासंगालाही त्यांतला एकही पुरत नव्हता.

सर इंग्रजी बोलत नसत, एवढंच.

बोलत नसत म्हणजे अजिबातच नाही. 'थँक यू'च्या जागी ते 'आभारी आहे' म्हणत, 'सॉरी'च्या जागी नुसतेच खाली बघत. फोनवर पलीकडून कुणी इंग्रजी सुरू केलं, की रिसीव्हर माझ्या हातात देऊन खिडकीशी जाऊन उभे राहत. आणि हा माणूस आमच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होता.

क्लास जुन्या सीबीएसच्या, म्हणजे एसटी स्टँडच्या, मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होता. बँकांच्या भरतीच्या परीक्षांची तयारी आम्ही करून घेत असू. मी सामान्यज्ञान शिकवायचो, म्हणजे राजधान्या, नद्या आणि कोण कुठं पहिला. मुलं मला 'जीके सर' म्हणत. सरांना नुसतं 'सर' म्हणत, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. मुलं वणीहून, ओझरहून, सटाण्याहून एसटीनं यायची. गणित त्यांना येत असे, बुद्धिमत्ता चाचणीही जमत असे. इंग्रजीपाशी मात्र गाडी घाटात बंद पडावी तशी पडायची. त्या पेपरात एक प्रकार असे. एका वाक्याचे चार तुकडे पाडून दिलेले. कोणत्या तुकड्यात चूक आहे तो आकडा लिहायचा. चूक नसेल तर पाच. उत्तर चुकलं तर वरून पाव मार्क कापला जायचा.

सर हा प्रकार शिकवत. दुसरं काही शिकवत नसत. निबंध नाही, संभाषण नाही. आमच्या क्लासचे चालक स्वतःला 'डायरेक्टर' म्हणवून घेत आणि त्यांची पाटी त्यांच्या टेबलापेक्षा मोठी होती. त्यांनी एकदा सरांना सुचवून पाहिलं, की थोडं 'पर्सनॅलिटी'चंही घ्या. सर म्हणाले, "मला नाही, तर मी कुठून देऊ?" डायरेक्टरांना हे नम्रपणाचं बोलणं वाटलं. मला ते वस्तुस्थितीचं निवेदन वाटलं.

सरांचे वडील नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात तपासणीवर होते. छापलेले कागद समोरून जात आणि दोष दिसला की बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. सर सांगत, की वडिलांना कुणी विचारलं, नोटेवर काय काय छापलेलं असतं, तर त्यांना धड सांगता येत नसे. "नोट वाचायची नसते, बघायची असते," असं ते म्हणत. "चांगल्या नोटेवर नजर थांबत नाही. थांबली, की तिथं दोष." सरांनी हेच वाक्यांना लावलं. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ते एवढंच सांगत: "वाक्य वाचायचं नाही, बघायचं. नजर अडखळली तिथं चूक. नाही अडखळली, तर पाच."

मागच्या बाकावरचा कुणीतरी हमखास विचारी, "सर, पण याचा अर्थ काय?"

"अर्थ परीक्षेत नाही," सर म्हणत.

मला हे ऐकून पहिल्यांदा हसू आलं होतं. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला अर्थावाचून भाषा म्हणजे पाण्यावाचून पोहणं वाटतं. मग सराव परीक्षेचा निकाल लागला. ज्या पोरांना इंग्रजीत पत्ता विचारला असता तर ती पळून गेली असती, त्यांनी इंग्रजीत माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवले. होय, मीही तो पेपर सोडवला होता. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांची शिकवण्याची पद्धत अशी: फळ्यासमोर चार खुर्च्या आणि एक स्टूल. चार मुलांना पुढं बोलवायचं, प्रत्येकाला वाक्याचा एकेक तुकडा द्यायचा. त्यांनी त्या खुर्च्यांपुढं ओळीनं उभं राहून आपापला तुकडा म्हणायचा आणि वर्गानं गुन्हेगार ओळखायचा. ओळखला गेला की त्यानं गॅलरीत जाऊन उभं राहायचं. सगळे निर्दोष निघाले, तर वर्गातल्या कुणीतरी उठून स्टुलावर बसायचं. ते पाचचं स्टूल. त्याच्यावर बसायला मुलं घाबरत. "चूक शोधायला नजर लागते," सर म्हणत, "पण चूक नाही म्हणायला छाती लागते."

एकमेकांसारखे दिसणारे शब्द त्यांनी माणसांसारखे ओळीला बसवले होते. बिसाइड म्हणजे शेजारी. शेवटी एस लागला की तो शेजारी जेवायलाही येतो. दूध कमी असेल तर लेस, म्हशी कमी असतील तर फ्यूअर. 'लिटल' म्हणजे घरात साखर नाहीच, पाहुण्यानं उठावं. 'अ लिटल' म्हणजे आहे थोडी, बसा. सिनियर, ज्युनियर, सुपिरियर ही सगळी 'टू'च्या घरची माणसं, ती 'दॅन'कडे पाणीसुद्धा पीत नाहीत. 'वन ऑफ द' दिसलं की पुढं घोळका पाहिजे. एकटाच कुणी उभा दिसला, की त्याची कॉलर धरायची. आणि 'नो सूनर'चं लग्न 'दॅन'शी लागलेलं आहे. तिथं 'व्हेन' घुटमळताना दिसला, की गॅलरीत.

एका तुकडीत 'नो सूनर' कायम वणीची एक मुलगी व्हायची आणि 'दॅन' ओझरचा एक मुलगा. नोकऱ्या लागल्यावर दोघांनी खरोखरच लग्न केलं. पत्रिका द्यायला दोघं क्लासवर आली. डायरेक्टरांनी तिथल्या तिथं ज्ञानमंदिर, रेशीमगाठी वगैरे घेऊन दहा मिनिटांचं भाषण केलं. सरांनी पत्रिका हातात घेतली, इंग्रजी बाजू वरपासून खालपर्यंत पाहिली, घडी घातली आणि म्हणाले, "लागणारच होतं. दुसरा पर्याय नव्हता."

पत्रिकेत चुका किती होत्या, असं मी नंतर विचारलं. त्यांना ते आवडलं नाही. "त्यांनी विचारलं का मला? मग?" सरांचा हा नियम होता. मेन रोडवरून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे एक अनुभव असे. दुकानांच्या पाट्यांपुढं ते क्षणभर थांबत, उजव्या हाताची एकदोन बोटं आपोआप उघडत आणि पुन्हा मिटत. दोन. चार. दोन. मिठाईच्या एका दुकानापाशी तर अख्खा पंजा उघडला. मला वाटलं, दुकानदारानं एकही तुकडा धड ठेवलेला नाही. सर समाधानानं म्हणाले, "पाच." पण ज्याच्या पाटीत चूक होती, त्याला त्यांनी कधी सांगितलं नाही. "रस्त्यावरच्या चुका ज्याच्या त्याच्या मालकीच्या असतात, मास्तर," ते मला म्हणाले. "आपण हात लावू नये."

ते स्वतः का बोलत नाहीत, याचं उत्तर मला तिथंच मिळालं. ज्याला रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा दिसतो, तो घराबाहेर पडत नाही.

क्लासच्या खाली मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. दुकान चाचांचं. चाचा भद्रकालीत राहत आणि निम्म्या नाशिकच्या लग्नांना त्यांचा मंडप असे. त्यांना इंग्रजीची भयंकर आवड. मंडपात शेवटची सूचना नेहमी तेच देत, आणि ती देताना त्यांचा चेहरा राष्ट्राला उद्देशून भाषण करावं तसा होई: "लेडीज अँड जंटलमन, डिनर इज रेडी फ्रॉम साइड ऑफ ब्राइड!" दुपारी दुकानात ते माइक तपासत. हॅलो, हॅलो. वर सरांचा तास चाललेला असे. मग चाचा नुसत्या हॅलोवर समाधान न मानता पुढं जात. "हॅलो, टुडे व्हेरी हॉट इज कमिंग!" वर्गातली साठ मुलं एका आवाजात म्हणत, "दोन!" आणि सर फळ्याकडे तोंड करून उभे राहत. त्यांच्या मानेवरची शीर दिसायची.

आता योगिताचं सांगतो.

योगिता नामपूरची. वडील कांद्याच्या मार्केटात मापाडी, म्हणजे वजनकाट्यावर. ती नाशिकला मावशीकडे सिडकोत राहून परीक्षा देत होती. दोन परीक्षांत थोडक्यात हुकली होती, आणि हा फॉर्म भरता येण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं. घरच्यांशी तिचा करार झाला होता. नोकरी लागली तर तिच्या मनाप्रमाणे. नाही लागली, तर सटाण्याचं एक स्थळ थांबलेलं होतं, ते दिवाळीनंतर उरकायचं. मुलगा वाईट नव्हता, असं ती स्वतःच सांगायची. "फक्त सर, त्यानं मला विचारलंच नाही ना, मी काय करते ते," ती म्हणायची. "मी काय कांदा आहे का, गोणीत भरायला?"

वर्गात सगळ्यांत तेज नजर तिची. सर वाक्य फळ्यावर लिहीत असतानाच तिचं बोट वर असे. पाचच्या स्टुलावर न घाबरता जाऊन बसणारी ती एकटी. लेखी परीक्षेत ती पास झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत पुण्याला. इंग्रजीत.

ती संध्याकाळच्या तासानंतर थांबली. मी तिथंच हजेरी लावत होतो.

"सर, मला बोलायला शिकवा."

सर फळा पुसत होते. फळा स्वच्छ होता तरी पुसत राहिले.

"सर?"

"डायरेक्टरांना विचार," ते म्हणाले. "ते बोलतात."

"त्यांच्या बोलण्यात दर वाक्याला दोन नाहीतर चार असतं. त्यांच्याकडून काय शिकू?"

सरांनी डस्टर खाली ठेवलं, कारण ते खरं होतं.

शेवटी मीच सुचवलं, की एक लुटुपुटूची मुलाखत घेऊन तर बघू. मंडळात तिघं पाहिजेत. सर आणि मी दोघं झालो. तिसरे म्हणून खालून चाचांना बोलावलं. चाचा लग्नातला कोट घालून आले आणि मधल्या खुर्चीवर बसले. सरांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही. आपली खुर्ची भिंतीकडे सरकवली फक्त.

योगिता दारातून आत आली. चाचांनी हात पुढं केला.

"वेलकम, वेलकम! सिट डाउन. व्हॉट युअर फादर इज डुइंग इन नामपूर?" चाचांना मधला 'इज' फार आवडे, तो कुठं बसवायचा हे ते आयत्या वेळी ठरवत.

योगिता बसली आणि शांतपणे म्हणाली, "दोन."

चाचा गोंधळले. "टू फादर?"

"नाही, म्हणजे—" ती लाल झाली. "पुन्हा विचारा, चाचा."

चाचांनी पुन्हा विचारलं. वेगळं विचारलं. मीही विचारलं, आणि माझं इंग्रजी काही अगदीच गावठी नाही. तिचं पहिलं उत्तर दर वेळी आकडाच. माझ्या एका वाक्याला तिनं 'पाच' दिला आणि मला उगाचच धन्य वाटलं. पण उत्तर तरी कुठं आलं? स्वतः बोलायला लागली की दोन शब्दांवर अडायची, मागं जायची, पहिला शब्द तपासायची, पुन्हा अडायची. शेवटी तिनं चेहरा ओंजळीत धरला आणि तिच्या घरच्या बोलीत पुटपुटली, "हाई काय शे मनं! माले बोलताच येत नही."

सर भिंतीकडून उठले. मी त्यांना इतकं पांढरंफटक कधी पाहिलं नव्हतं. "तिला नाही," ते मला हळूच म्हणाले. "मला पकडलंय, मास्तर. मी जसा आहे तशी केली मी तिला."

मला वाटलं, आता ते कॉलेज रोडच्या एखाद्या टायवाल्याकडे तिला पाठवतील. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. सर चाचांकडे वळले.

"चाचा, दुपारी दुकानात गिऱ्हाईक असतं का?"

"सीझन नाही सरजी. रिकामंच."

"हिला रोज तासभर बोलायला लावाल? तुम्ही बोलता तसंच."

चाचांनी कोटाचं बटण लावलं. आयुष्यात त्यांना एवढा मोठा मान कुणी दिला नसावा. "इन्शाल्ला," ते म्हणाले, "फुल इंग्लिश."

योगिता मात्र उठून उभी राहिली. "नाय," ती म्हणाली. "आधी सर बोलतील. सर आमच्यासमोर कधी एक वाक्य बोलले नाहीत. आम्हाला काय मग भीती वाटणार नाही?"

"मला कुठं मुलाखत द्यायची आहे?"

"मग मलाही नाही द्यायची."

"सरजी," चाचा म्हणाले, "लडकी बरोबर बोलते."

खाली स्टँडवर कंडक्टर 'कळवण, कळवण' ओरडत होता. सरांची बोटं मिटत होती, उघडत होती.

"तू निवडली गेलीस," ते शेवटी म्हणाले, "तर मी बोलेन. सत्काराच्या दिवशी. सगळ्यांसमोर. एक वाक्य."

"माइकवर," योगिता म्हणाली.

"माइक माझा," चाचा म्हणाले. "फ्री."

नंतरचे दिवस मी विसरणार नाही. दुपारी चाचांचं दुकान, चहूकडे गुंडाळलेल्या कनाती, रचलेल्या खुर्च्या, सतरंज्यांचा वास. मधोमध एका गादीवर योगिता, समोर चाचा, हातात बंद माइक. आणि सतरंज्यांच्या ढिगावर सर. त्यांनी स्वतःच नियम घातला होता, की या तासाला आकडा उच्चारायचा नाही. पहिल्या दिवशी चाचांच्या पहिल्या वाक्याला सरांचा हात आपोआप वर आला. दुसऱ्याला आला. तिसऱ्या वाक्याच्या आधी ते उठले, दोन्ही तळवे सतरंजीवर उपडे ठेवले आणि त्यांच्यावर बसले. तासभर तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आले ते थेट हातांवरच बसले.

मी लोकांना उपास करताना पाहिलंय, मौन पाळताना पाहिलंय, एका पायावर उभं राहिलेला एक बुवाही तपोवनात पाहिलाय. त्या बुवांच्या शेजारी दानपेटी होती. सरांच्या शेजारी काही नव्हतं. चाचा बोलत होते, "मी गो टू मार्केट, मार्केट गिव्ह मी बांबू", आणि नाशिकमधला इंग्रजीचा सर्वांत काटेकोर माणूस स्वतःच्या हातांवर बसून ते ऐकत होता. त्या सतरंज्यांपुढं मला नमस्कार करावासा वाटला. केला नाही, एवढंच.

योगिता काही दिवस अडखळलीच. मग एकदा चाचांनी विचारलं, "टेल मी, नामपूर मार्केट, अनियन, हाऊ?" ती सांगायला लागली. ट्रॅक्टर येतात, व्यापारी गोल करून उभे राहतात, बोली चढते, एकजण कांदा हातात घेऊन फोडतो, नाक मुरडतो, मग सगळेच मुरडतात. अर्धं इंग्रजी, पाव मराठी, पाव तिची बोली. लिलावाचं सांगताना तिचा आवाज लिलावासारखा चढला. ती कुठंही थांबली नाही, मागं वळून एकही शब्द तपासला नाही. चाचा भान हरपून ऐकत होते. ती थांबल्यावर म्हणाले, "अनियन पास!" मी सरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि खांदे दुखल्यासारखे वर गेले होते. पण हात जागेवर होते.

मुलाखतीहून ती थेट क्लासवर आली. खांद्यावर बॅग, केसांत पुण्याच्या गाडीची धूळ. सर चार खुर्च्या लावत होते. मी आणि चाचा जिन्यातच तिच्या मागं लागून वर आलो.

"तिघं होते," ती म्हणाली. "मधले स्वेटर घातलेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, आणि सर, त्यात तीन होता. स्पष्ट तीन."

"मग?" चाचा म्हणाले.

"मग बोट वर यायला लागलं. म्हणून मी हातांवर बसले."

सरांनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"ते म्हणाले, थंडी वाजते का? मी म्हटलं, नो सर, आय ॲम फ्रॉम नामपूर. ते हसले. का हसले, माहीत नाही. मग त्यांनी नामपूरला काय असतं विचारलं. मग कांदा. कांद्याचा भाव का पडतो ते विचारलं. मग मी बोलतच गेले, सर. शेवटी त्यांनीच हात वर केला, बस म्हणून."

"किती चुका केल्यास?" सरांनी विचारलं. आवाज अगदी हलका.

"माहीत नाही."

"माहीत नाही?"

"बोलताना दिसल्या नाहीत, सर."

सर खिडकीशी गेले, फोन आला की जात तसे. पण फोन आलेला नव्हता. बराच वेळ ते स्टँडकडे बघत राहिले. चाचा काही बोलणार होते. मी त्यांच्या कोटाची बाही ओढली.

निकाल लागायला पुढं पुष्कळ दिवस गेले. नामपूरहून योगिताच्या वडिलांचा क्लासच्या फोनवर रोज फोन यायचा आणि ते फक्त एवढंच विचारायचे, "काही समजनं का?" सर त्यांना रोज म्हणत, "नाही अजून." सटाण्याचं स्थळही विचारत होतं. मग एका सकाळी निकाल लागला आणि ती निवडली गेली. सटाण्याला थांबू नये म्हणून कळवण्यात आलं. वडिलांचा फोन आला, तेव्हा योगिता शेजारी असूनही रिसीव्हर सरांनीच उचलला. "झालं," ते म्हणाले. पलीकडून काहीच आवाज आला नाही. सर तरीही रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ उभे होते.

सत्कार गल्लीतच झाला. चाचांनी सीझनसाठी ठेवलेली झालर काढली. नव्या-जुन्या तुकड्यांतली शेदीडशे मुलं आली होती, 'नो सूनर' आणि 'दॅन' तान्हं मूल घेऊन आली होती. योगिताचे वडील पहिल्या रांगेत टोपी हातात धरून बसले होते. डायरेक्टरांनी इंग्रजीतून भाषण केलं. त्यांचा दृष्टिकोन, त्यांची दूरदृष्टी, त्यांचा त्याग. भाषण लांबलं. दर वाक्याच्या शेवटी मंडपातून मधमाश्यांसारखी कुजबुज उठत होती: दोन... चार... दोन... तीन. डायरेक्टरांना वाटलं, लोक हेलावले आहेत.

मग चाचांनी माइक सरांच्या उंचीला केला.

सर उभे राहिले. दीडशे मुलं सरसावून बसली. यांतल्या कुणीही त्यांच्या तोंडून इंग्रजी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, ते नुसतेच खाली बघतील आणि मराठीत आभार मानून बसतील, आणि मी ते चालवून घेतलं असतं. सरांनी हात कुठं ठेवावेत ते ठरवलं, पाठीमागं नेले, एका हातानं दुसरा घट्ट धरला. आणि एक वाक्य बोलले. एकच, सावकाश, स्पष्ट, न थांबता. त्याचा अर्थ साधारण असा होता, की इतकी वर्षं मी तुमच्यातल्या चुका बघत आलो, आणि तुम्हाला बघायचं राहून गेलं, ते आज बघतो आहे.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अर्थ माझ्यापर्यंत पोचला होता. पण अर्थ परीक्षेत नसतो. मंडपातून दीडशे गळ्यांनी एकदम आवाज आला:

"तीन!"

आणि लगेच सगळ्यांनी जीभ चावली. काही मुलींनी तोंडावर हात ठेवले. 'दॅन'नं मूल खांद्यावर घेऊन मान खाली घातली.

पहिल्या रांगेत योगिता उभी राहिली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ती म्हणाली, "पाच."

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. योगिताचे वडील रडत होते. चाचा रडत होते. डायरेक्टरसुद्धा रुमाल शोधत होते. सर माइककडे वाकले.

"तीन," ते म्हणाले. "पाव मार्क गेला."